जोबुलानी: २०१० च्या अंतिम सामन्याचा सोनेरी चेंडू, पायाखाली आणि हवेत

११ जुलै २०१० रोजी जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर स्पेन आणि नेदरलँड्स विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भिडले. त्याआधी दोघांपैकी कोणीही हा चषक जिंकलेला नव्हता. ११६ व्या मिनिटाला आंद्रेस इनिएस्ताने सामन्यातला एकमेव गोल केला आणि स्पेन पहिल्यांदा जगज्जेता झाला. या सामन्याचा विषय निघाला की १४ पिवळी कार्डं निघतात, नेदरलँड्सच्या हाइटिंगाला दाखवलेलं लाल कार्ड निघतं, त्याच संघातल्या डी याँगची स्पेनच्या झाबी आलोन्सोच्या छातीवर बसलेली लाथ निघते. चेंडूचा विषय मात्र ‘तो भिकार जाबुलानी’ एवढ्यावर मिटतो. हा त्या चेंडूवर अन्याय आहे. जोबुलानी जमिनीवर अव्वल दर्जाचा चेंडू आहे आणि छोट्या-मध्यम पासला फार थोडे चेंडू त्याच्या तोडीचे आहेत. हवेत मात्र वेगाच्या एका ठरावीक टप्प्यात त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्याचा हा दोष मोजता येतो आणि त्याचं कारणही स्पष्ट सांगता येतं.

आधी नावाचा गोंधळ दूर करू. स्पर्धेचा चेंडू जाबुलानी. झुलू भाषेतल्या या शब्दात आनंद करण्याचा, जल्लोषाचा अर्थ आहे. आदिदासने तो ४ डिसेंबर २००९ रोजी केपटाऊनमध्ये लोकांसमोर आणला. पांढऱ्या अंगावर ११ रंग: आदिदासचा हा अकरावा विश्वचषक चेंडू, संघात ११ खेळाडू आणि दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हा ११ अधिकृत भाषा. एप्रिल २०१० मध्ये केवळ अंतिम सामन्यासाठी सोनेरी रंगातली आवृत्ती आली, ती जोबुलानी. नावातला ‘जो’ जोहान्सबर्गचा, आणि सोनं त्या शहराच्या खाणींचं आणि चषकाचं. २००६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यालाही असाच वेगळा सोनेरी चेंडू होता, त्यामुळे ही प्रथा तेव्हा नवी नव्हती. जाबुलानी आणि जोबुलानीची बांधणी एकच, फरक फक्त रंगाचा. म्हणून अंतिम सामन्यात दोन्ही संघांच्या पायाला हा चेंडू अनोळखी नव्हता. महिनाभर ते त्याच्याशीच खेळत होते.

आता बांधणी. नेहमीच्या चेंडूला ३२ तुकडे असतात, २० षटकोनी आणि १२ पंचकोनी, एकमेकांना शिवलेले. २००६ च्या विश्वचषकाच्या टीमगाइस्ट चेंडूत ते १४ वर आले. जाबुलानीत फक्त ८ आहेत, दोन वेगवेगळ्या आकारांचे चार-चार. हे तुकडे सपाट कापून मग ताणलेले नाहीत. ते साच्यातून गोलाईसकट काढलेले आहेत आणि एकमेकांना शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेले आहेत. साहित्य ईव्हीए आणि टीपीयू, दोन्ही लवचीक प्लॅस्टिकं. आतला ब्लॅडर, म्हणजे हवा धरणारा फुगा, लॅटेक्स या रबराचा, तो भारतात बनलेला; टीपीयू तैवानचं; चेंडू जोडला गेला चीनमध्ये. आदिदासने हे काम इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठाला सोबत घेऊन केलं.

या बांधणीचा सगळ्यात मोठा फायदा गोलाईत दिसतो. शिवलेल्या चेंडूत दोरा कुठे जास्त ताणला जातो, कुठे कमी, आणि वापरात तो आणखी सैल पडतो. जाबुलानीत हा प्रश्नच उद्भवत नाही. घेर ६९ सें.मी., वजन ४४० ग्रॅम, वेगवेगळ्या दिशांनी मोजलेल्या व्यासातला फरक १ टक्क्याच्या आत. खेळाच्या नियमांत घेर ६८ ते ७० सें.मी. आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम चालतं, म्हणजे हा चेंडू नियमात आरामात बसतो आणि एका नगापासून दुसऱ्या नगात फरक जवळजवळ नाही. पाण्याबाबत तर तो कौतुकालाच पात्र आहे. फिफाच्या चाचणीत ओला चेंडू वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायला तरी चालतो. जाबुलानीत शिवणीची भोकंच नसल्याने हा आकडा शून्याच्या आसपास राहतो. भर पावसात नव्वद मिनिटं खेळवा, शेवटच्या मिनिटाला तो तितकाच हलका असतो. उसळीही एकसारखी: ठरावीक उंचीवरून पुन्हा पुन्हा टाकला तर सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या उसळीतला फरक ६ सें.मी.च्या आत, जिथे मुभा १० सें.मी.ची आहे.

पायाला याचा अर्थ काय? पास दिल्यावर चेंडू गवतावरून सरळ रेषेत जातो, लंगडत नाही. पहिल्या स्पर्शाला जिथे थांबवायचा तिथे थांबतो. बुटाच्या आतल्या बाजूने मारा किंवा बाहेरच्या, आवाज आणि झटका तोच येतो, कारण पाय शिवणीवर पडण्याची शक्यताच कमी. स्पेनचे झावी आणि बुस्केट्स ज्या पद्धतीने खेळायचे, पंधरा-वीस मीटरचे सपाट पास, एका स्पर्शात पुढे, त्या खेळाला याहून सोयीचा चेंडू मिळणं कठीण. त्या स्पर्धेत स्पेनच्या पासांचं जेवढं कौतुक झालं, त्यातला थोडा वाटा या गोलाईलाही द्यायला हवा.

खरी गोष्ट हवेत सुरू होते.

चेंडू हवेतून जाताना त्याच्या अंगाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. वेग कमी असताना हा थर गुळगुळीत वाहतो, लवकर सुटतो आणि चेंडूच्या मागे मोठा पोकळ पट्टा सोडतो. त्यामुळे हवेची ओढ जास्त. एका ठरावीक वेगाच्या वर थर खळबळतो, चेंडूला जास्त वेळ धरून राहतो, मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ एकदम घटते. हा उंबरठ्याचा वेग चेंडूच्या खडबडीतपणावर ठरतो. गोल्फच्या चेंडूला खळगे असतात ते याचसाठी. फुटबॉलमध्ये खळग्यांचं काम शिवणी करतात.

आठ तुकड्यांमुळे जाबुलानीवर एकूण जोड जेमतेम दोन मीटर लांबीचा आहे. ३२ तुकड्यांच्या चेंडूवर तो चार मीटरच्या घरात जातो. शिवाय जाबुलानीचा जोड उथळ, खोली सुमारे अर्धा मिलिमीटर. आदिदासने पृष्ठभागावर बारीक दाणे आणि खाचा दिल्या होत्या, पण त्या इतक्या उथळ आहेत की जोडाची उणीव भरून निघत नाही. परिणामी उंबरठ्याचा वेग वर सरकला. नासाच्या एम्स केंद्रातल्या चाचण्यांत हा चेंडू ताशी ७२ ते ८० किमीच्या आसपास डगमगायला लागतो असं दिसलं. पारंपरिक चेंडूचा हाच टप्पा ताशी ५० किमीच्या जवळ येतो, आणि त्या वेगाने गोलवर कोणी जोरकस फटका मारत नाही. जाबुलानीचा टप्पा नेमका तिथे येऊन बसला जिथे फ्री किक आणि दुरून मारलेले फटके असतात. दोषाची मुळी इथे आहे.

वीस-पंचवीस मीटरवरून मारलेला जोरदार फटका ताशी शंभरच्या वर निघतो आणि वाटेत मंदावत या टप्प्यात शिरतो. तिथे एका बाजूचा थर आधी सुटतो, दुसऱ्या बाजूचा नंतर. चेंडूला आडवा धक्का बसतो. तो धक्का कोणत्या बाजूने बसेल हे त्या क्षणी जोड कुठे आहे यावर ठरतं, आणि चेंडू सावकाश फिरत असेल तर जोडाची जागा बदलते, धक्क्याची दिशाही बदलते. म्हणून चेंडू एकदा उजवीकडे, मग डावीकडे जातो. हे सगळं साधारण एका सेकंदात, आणि गोलकीपरने झेप कुठे घ्यायची ते त्याच्या आधीच ठरवलेलं असतं. चेंडू चांगला गरगरत असेल तर जोड इतक्या झपाट्याने फिरतात की धक्के एकमेकांना खोडतात. अशा वेळी जाबुलानी इतर चेंडूंसारखाच वळतो, फक्त थोडा कमी.

जोहान्सबर्गच्या उंचीने यात भर घातली. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटरवर आहे आणि तिथे हवा साधारण सहाव्या हिश्श्याने विरळ. ओढ त्याच प्रमाणात कमी, म्हणून लांब पास अपेक्षेपेक्षा पुढे जातो. वळणही त्याच प्रमाणात कमी, म्हणून समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून काढलेली फ्री किक वेळेत खाली उतरत नाही. अंतिम फेरीत आलेल्या दोन्ही संघांनी उपांत्य सामने समुद्रकाठी खेळले होते, नेदरलँड्सने केपटाऊनला आणि स्पेनने डर्बनला. चार-पाच दिवसांत पायाचा अंदाज बदलणं सोपं नसतं.

त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण गोलच्या फटक्यात नाही, एका सभ्य कृतीत आहे. पहिल्या सत्रात, ३४ व्या मिनिटाच्या सुमारास, खेळ थांबल्यानंतर डच खेळाडूने रिवाजाप्रमाणे चेंडू स्पेनला परत द्यायला लांबून त्यांचा गोलकीपर कासियासच्या दिशेने मारला. मनात गोल नव्हताच. चेंडू लांबला, कासियासच्या पुढ्यात टप्पा खाऊन त्याच्या डोक्यावरून निघाला, आणि त्याने मागे जाऊन बोटांनी कसाबसा बाहेर ढकलला. कॉर्नर मिळाला, नेदरलँड्सच्या व्हॅन पर्सीने तो सरळ कासियासकडे देऊन टाकला. परत करायला मारलेल्या चेंडूवर जगज्जेतेपदाच्या सामन्यात गोल झाला असता. फटका वाजवीपेक्षा जोरात बसला हे खरं, पण विरळ हवेत न मंदावलेला चेंडू आणि त्याची कडक उसळ यांचा जोडीने परिणाम कसा होतो, ते या एका दृश्यात पुरेपूर दिसतं.

याच मैदानावर ९ दिवस आधी चेंडूची दुसरी बाजू दिसली होती. २ जुलैच्या उपांत्यपूर्व सामन्यात उरुग्वेच्या दिएगो फोर्लानची फ्री किक हवेत दिशा बदलून घानाचा गोलकीपर किंगसनला चकवून गेली. फोर्लानने या चेंडूचा स्वभाव इतरांपेक्षा लवकर ओळखला, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. २४ जूनला रुस्टेनबर्गला जपानच्या केइसुके होंडाने डेन्मार्कविरुद्ध न फिरवता मारलेली फ्री किकही याच जातीची. पण हे दोन गोल आठवताना बारच्या वरून गेलेल्या ढीगभर फ्री किक विसरू नयेत. हा चेंडू गोलकीपरला जितका छळतो तितकाच मारणाऱ्यालाही. ६४ सामन्यांत एकूण १४५ गोल, म्हणजे सामन्याला २.२७, गोलकीपरांची दैना होऊन गोलांचा पाऊस पडेल ही भीती आकड्यांनी खरी ठरवली नाही.

अंतिम सामन्यातल्या मोठ्या संधी बघा, त्या जवळजवळ सगळ्या जवळून आणि खालून आल्या. ६२ व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या श्नायडरच्या पासवर त्याचा साथीदार रॉबेन एकटा सुटला. त्याचा फटका कासियासच्या उजव्या पायाला लागून बाहेर गेला. ११५ व्या मिनिटाला श्नायडरची फ्री किक भिंतीला घासून बाहेर गेली आणि कॉर्नरऐवजी गोल किक दिली गेली, हा डच समर्थकांचा सल आजही आहे, आणि तो रास्त आहे. पुढच्याच मिनिटाला फाब्रेगासने इनिएस्ताला पास दिला. चेंडू इनिएस्ताच्या पायाला लागून वर उसळला, त्याने तो खाली येऊ दिला, एक टप्पा पडू दिला आणि उजव्या पायाने दूरच्या कोपऱ्याकडे आडवा मारला. डच गोलकीपर स्टेकेलेनबर्गचा हात लागला, पण पुरला नाही. अंतर इतकं कमी होतं की हवेत डगमगायला चेंडूला वेळच नव्हता. तिथे जे कामी आलं ते जोबुलानीचे गुण: पहिल्या स्पर्शाला अंदाजाप्रमाणे उठलेला चेंडू आणि भरवशाचा टप्पा. स्पेनने दोन तास हा चेंडू तिथेच ठेवला जिथे तो उत्तम आहे. अंतिम सामन्यातून चेंडूबद्दल मला निघणारा निष्कर्ष हाच आहे.

हवेच्या दाबाकडे फार थोडे लोक नीट बघतात, म्हणून त्यावर जरा थांबून लिहितो. नियमात ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर दाब चालतो, आणि हा पट्टा फार रुंद आहे. या चेंडूला ०.८ च्या आसपासचा दाब योग्य. १.० च्या वर नेला की तो दगडासारखा होतो, टप्पा उंच जातो आणि फटक्याचा वेग वाढून डगमग आणखी जाणवते. ०.६ ला पास मऊ येतो, पण दुरून मारलेल्या चेंडूत जीव राहत नाही. मापकावर दिसणारा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत असतो. डर्बनला ०.८ भरलेला चेंडू जोहान्सबर्गला नेला तर बाहेरचा दाब उतरल्याने मापक ०.९७ च्या जवळ दाखवेल. उलट, २२ अंशांच्या खोलीत भरून १० अंशांच्या थंड मैदानावर नेला तर दाब सुमारे ०.०७ ने उतरतो. अंतिम सामना जुलैमधला, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला, आणि सुरुवात रात्री साडेआठला. अशा वेळी चेंडू मैदानावर नेऊन, पाऊण तास तिथल्या हवेत ठेवून मगच दाब पक्का करायचा असतो.

आता ज्यांना हा चेंडू घ्यायचा आहे त्यांच्यासाठी. तो बनणं केव्हाच थांबलंय, म्हणून जे मिळेल ते जुनंच. सगळ्यात मोठी फसगत प्रकारात होते. याच रंगसंगतीत स्वस्त, शिवलेल्या आवृत्त्याही निघाल्या होत्या. त्या वाईट नाहीत, पण वर लिहिलेला एकही गुण किंवा दोष त्यांना लागू होत नाही. ओळख सोपी आहे: जोडावर बोट फिरवा आणि उजेडात तिरकं धरा. दोरा किंवा सुईची भोकं दिसली तर तो सामन्याचा चेंडू नाही. तुकडे मोजा, आठच हवेत. छापील खुणेत ‘फिफा अप्रूव्हड’ हवं. ‘फिफा इन्स्पेक्टेड’ ही तेव्हा त्याखालची पायरी होती. चेंडूवर दोन्ही संघांची नावं, तारीख आणि मैदान छापलेलं असेल तर लगेच हुरळून जाऊ नका. ही अक्षरं नंतरही छापता येतात, आणि त्यांच्यामुळेच किंमत वाढवली जाते. अक्षरं मूळ छपाईइतकीच गुळगुळीत आहेत की नखाला वर लागतात ते तपासा.

मग हवा भरून बघा. पिन ओली करून सरळ आत घाला. तिरकी घुसवली तर वॉल्व्हखालचा ब्लॅडर फाटतो, आणि चिकटवलेल्या चेंडूत ब्लॅडर बदलता येत नाही. ओलं करायला पाणी, ग्लिसरिन किंवा सिलिकॉनचं तेल वापरा. खोबरेल किंवा व्हॅसलिन मुळीच नको, तसल्या तेलाने लॅटेक्स सडतं. एकदम ०.८ ला नेऊ नका. आधी ०.४ वर दहा मिनिटं ठेवा, कारण वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या चेंडूचा जोड अचानक ताणला की उकलतो. पूर्ण भरल्यावर शिंप्याच्या टेपने तीन वेगवेगळ्या दिशांनी घेर मोजा. तिन्ही मापांत ७ मि.मी.हून जास्त फरक आला तर आकार गेला असं समजा. शेवटी ७२ तास तसाच ठेवून दाब पुन्हा बघा. नव्या चेंडूची गळती या वेळेत १० टक्क्यांच्या आत असायची, फिफाची मर्यादा २० टक्के. जुन्या लॅटेक्सला २० टक्क्यांपर्यंत माफी द्या, कारण लॅटेक्स मुळातच ब्यूटिल या कृत्रिम रबरापेक्षा लवकर हवा सोडतं. त्याहून जास्त असेल तर वॉल्व्हवर थेंबभर पाणी टाका. बुडबुडे आले तर दोष वॉल्व्हमध्ये. नाही आले तर ब्लॅडर गेलेला.

खेळायला घेणार असाल तर गवत किंवा चांगलं कृत्रिम मैदान हवं. मुरमाड, खडीच्या जमिनीवर टीपीयूचा वरचा थर खरवडतो आणि सोनेरी रंग आधी जोडाच्या कडेने उडायला लागतो. जोड एकदा उकलला की घरगुती गोंदाने तो धरत नाही, आणि धरला तरी तिथे उंचवटा राहून चेंडू लंगडतो. पासिंगच्या सरावाला तो आजही उत्तम आहे. गोलकीपरच्या रोजच्या सरावाला देऊ नका: डोळ्याला या चेंडूची सवय लागली की दुसऱ्या चेंडूंचा अंदाज चुकायला लागतो. २०१४ च्या विश्वचषकाचा ब्राझुका चेंडू तर तुकडे सहाच असूनही नीट उडतो, कारण त्याचा जोड तीन मीटरच्या वर लांब आणि दीड मिलिमीटरच्या आसपास खोल आहे. जाबुलानीतली चूक नेमकी कुठे होती, ते त्या दोन मापांवरून कळतं.

कपाटात ठेवायचा असेल तर दाब ०.३ वर आणा. पूर्ण रिकामा केला तर घडी पडते आणि पूर्ण भरून ठेवला तर जोडावर सतत ताण राहतो. ऊन आणि बंद गाडीतली उष्णता टाळा. पुसायला ओलं मऊ कापड पुरे. स्पिरिट किंवा थिनर लावलं तर सोनेरी छपाई कापडावर उतरते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळू नका, दमट हवेत टीपीयू वर्षांनी चिकट होतं. सुती पिशवी वापरा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी चेंडू थोडा फिरवून ठेवा, म्हणजे खाली टेकलेली बाजू चपटी होणार नाही.